पाच ठिपक्यांचं इंजिन

बाईमाणसाच्या पर्समध्ये काय काय असतं ते मला ठाऊक नाही. कधी बघितलं नाही आणि बघायचं कारणही नाही. पण शालनबाईंच्या पर्समध्ये व्हर्निअर असायचा. लोखंडाची जाडी मोजायची ती सरकती पट्टी, केसाएवढा फरक पकडणारी. पहिल्यांदा आमच्या ओसरीवर जेवायला बसल्या तेव्हा घरातलीनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली. बाईंनी ती उचलली, उलटीसुलटी केली, पर्समधून व्हर्निअर काढला आणि भाकरीला लावला. चारदा कडेला, मग मोडून एकदा मधे.

"तीन मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "सगळीकडं सारखी. आयटीआयची पोरं दोन वर्षं घासून असं काम देत नव्हती."

घरातली पन्नास वर्षं मला भाकऱ्या थापून घालतेय. मी असलं काही कधी बोललो नव्हतो. त्या दिवसापासून शालनबाई आणि माझ्यात काही वाद झाला की घरातली कुणाच्या बाजूला जाणार हे ठरून गेलं.

शालनबाई कांबळे सांगलीकडच्या एका आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायच्या. लोखंड कसं कापायचं, कसं घासायचं, कसं जुळवायचं. निवृत्त झाल्यावर वडूजला लेकीकडं राहायला आल्या. लेक शाळेत बाई, जावई पलटणीत. घरात बसून भिंतीकडं किती बघायचं, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला आणि स्कूटरवरून खटाव तालुका पालथा घालायला सुरुवात केली. जिथं म्हणून शेतीचं जुनं यंत्र गंजत पडलेलं असेल तिथं त्या हजर. कुठं उसाचा चरक, कुठं मळणी यंत्र, कुठं टायर गेलेला ट्रॅक्टर. फोटो काढायच्या रंगीत, आणि मग घरी नेऊन त्याचा रंग घालवून काळापांढरा करायच्या.

हे मला अजिबात पटलं नव्हतं. मी तिसरीपर्यंत शिकलोय, पण मला जे कळतं ते कळतं. मी बाईंना तोंडावर सांगितलं, "आमच्या लग्नाचा फोटो काळापांढरा हाय, कारण तवा वडूजच्या फोटोवाल्याकडं दुसरा नव्हता. आता फुकटात रंग मिळतोय आणि तुमी तो काढून टाकताय. शिजल्याल्या भाताचं परत तांदूळ करायचं हे."

बाई चिडल्या नाहीत. त्या चिडायच्या नाहीतच, मोजायच्या. त्यांनी ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि आमच्या शेजारच्या नानाच्या मळणी यंत्राचा फोटो दाखवला. म्हणाल्या, काय दिसतंय सांगा. मी सांगितलं, मागं दोरीवर नानाच्या सुनेची लाल साडी हाय, निळा बॅरल हाय, पिवळी झेंडूची माळ हाय.

"आणि यंत्र?"

"ते बी हाय की मधे कुठंतरी."

बाईंनी बोट दाबलं. साडी गेली, बॅरल गेला, झेंडू राखेसारखा झाला आणि मळणी यंत्र असं पुढं आलं की जसं काही आत्ताच कुणीतरी ढकलत आणून ठेवलंय. पत्र्यावरची एकेक पोच दिसायला लागली. कणसं आत सारताना माणसांच्या हातानं घासून गुळगुळीत झालेली कड दिसायला लागली. नानाचं यंत्र चांगलं दिसतंय असं मी का म्हणावं?

मग त्यांनी मला ते कसं करतात तेही दाखवलं. पडद्यावर लाल, हिरवा, निळा अशा पट्ट्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही पिकाला पाणी देताना दारं धरता ना, तसंच आहे. लाल पाटाचं दार उघडलं की गंज उजळतो. बंद केलं की गंज काळा पडतो. हिरव्याचं दार वेगळं. कुठल्या वाफ्याला किती पाणी सोडायचं हे मी ठरवते." हे मला लगेच कळलं. दारं धरण्यात माझा हात धरणारा आमच्या शिवारात कुणी नाही. पण कळलं असं मी दाखवलं नाही.

बाईंच्या तऱ्हा लय. ऊन डोक्यावर असलं की कॅमेरा पर्सच्या बाहेर यायचा नाही. ऊन तिरपं होईपर्यंत त्या यंत्रापाशी पोतं टाकून बसून राहायच्या. फोटो झाल्याशिवाय चहाला शिवायच्या नाहीत. आणि ढिल्या नटाचा फोटो काढायच्या नाहीत. स्कूटरच्या डिकीत पाने होते, ते काढायच्या आणि आधी सगळं आवळायच्या. आम्ही म्हणायचो, बाई, भंगार हाय ते, आवळून काय करायचंय. त्यावर त्यांचं एकच, की ढिलं राहिलेलं मला बघवत नाही. असं करत करत दोन वर्षं बंद पडलेलं नानाचं मळणी यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा नाना म्हणाला की हा फोटोचा गुण आहे.

आणि सगळ्यांत अवघड तऱ्हा म्हणजे त्यांचं "मोजलंय का?" हे विचारणं. पारावर कुणी म्हणालं की आमची विहीर गावात सगळ्यांत खोल, की बाई शांतपणे विचारणार, मोजलंय का? कुणी म्हणालं माझ्या बैलाची शिंगं दोन हाताची होती, मोजलंय का? निम्म्या गावाचं बोलणं बंद झालं. आमच्याकडं माणसं मोजून बोलायला लागली तर बोलायला उरतं काय?

काळ्यापांढऱ्या फोटोनं गावात एक घोळ झाला तो सांगायलाच पाहिजे. मळणी यंत्र सुरू झालं त्या आनंदात नानानं बाईंना गळ घातली की माझा यंत्राशेजारी उभा राहून एक काढा. फेटा बांधला, मिशा वर केल्या. बाईंनी फोटो काढला, काळापांढरा केला आणि नानाच्या सुनेच्या मोबाईलवर पाठवला. सुनेनं सासऱ्याच्या कौतुकानं तो स्टेटसला ठेवला आणि खाली हात जोडल्याचं एक चित्र टाकलं.

आता आमच्याकडं काळापांढरा फोटो कवा लागतो? माणूस गेलं की. चौकातल्या बोर्डावर. दुपारच्या आत नानाच्या सुनेच्या माहेरची माणसं फलटणहून जीप करून निघाली. वाटेत आणखी दोघांना उचललं. जीप थांबली तशी म्हाताऱ्या विहीणबाईंनी दारातच हंबरडा फोडला. नाना परसात होता. रडणं ऐकून तो धावत पुढं आला, सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

विहीणबाईंनी पाणी घेतलं, पदर बाजूला केला आणि नानाकडं बघितलं. मी तिथं होतो म्हणून सांगतो, त्या बाईला आनंद काही झाला नाही. फलटणपासून रडत आलेलं वाया गेलं. शेवटी आलोच आहोत तर जेवून जातो असं ठरलं आणि नानाला कोंबडं कापावं लागलं. तिथून पुढं गावात एकही माणूस बाईंच्या कॅमेऱ्यापुढं उभा राहीना. बाई म्हणाल्या, "बरं झालं. यंत्रं बरी. त्यांचे पाहुणे येत नाहीत."

आता माझ्या इंजिनाचं.

माझ्या विहिरीवर एक जुनं ऑइल इंजिन आहे. दोन्ही बाजूला मोठी चाकं, वर पाण्याची टाकी. विजेची मोटर आल्यापासून बंद आहे, पण ते मी हलवलं नाही. दर खंडेनवमीला त्याला धुतो आणि हिरव्या रंगाचा एक हात देतो. तरणा होतो तेव्हा शिराळ्याकडचं एक गुऱ्हाळ मोडलं, ऊस सगळा कारखान्याला जायला लागला म्हणून. तिथून मी ते आणलं. आणल्यावर धुताना दिसलं की टाकीच्या मागच्या अंगाला खाली, ओळीनं पाच ठिपके आहेत. लोखंडात खोल ठोकलेले.

मी ओळखलं, ही कंपनीची खूण. साध्या इंजिनाला एक ठिपका, बऱ्याला दोन, आणि पाच म्हणजे एक नंबर माल. असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काय असणार? तेव्हापासून दर वर्षी हिरवा हात दिला की मी त्या पाच ठिपक्यांत काडीनं पांढरा रंग भरतो. चाळीस वर्षं गावाला सांगत आलो की पाच ठिपक्यांचं इंजिन खटाव तालुक्यात एकच आहे. नानाच्या इंजिनाला एकही नव्हता. ते त्यानं विकलं, त्याचं कारणही लोक तेच सांगतात. म्हणजे मी सांगतो.

शालनबाई पहिल्यांदा विहिरीवर आल्या तेव्हा मी त्यांना मुद्दाम मागच्या अंगाला नेलं आणि ठिपके दाखवले. कंपनीचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हणतील, मोजलंय का. पण त्या गुडघ्यावर बसल्या. पाची ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, हे इंजिन तुम्ही कुठून आणलं. मी गुऱ्हाळाचं, मालकाचं नाव सांगितलं.

"तात्या," त्या म्हणाल्या, "हे कंपनीचं नाही. हे माझ्या बाबांचं आहे."

त्यांचे वडील सोनबा कांबळे त्या गुऱ्हाळावर इंजिन चालवायचे. हंगामभर घरी यायला मिळायचं नाही. घरी मूल झाल्याचा निरोप आला की ते टाकीच्या मागं पंच धरून हातोडीचा एक ठोका मारायचे. मूल एक, ठिपका एक. बाई तिसऱ्या. घरात वडिलांचा एकही फोटो नाही. हे ठिपके आहेत एवढं आई सांगायची, पण इंजिन कुठं गेलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. बाई तालुका पालथा घालत होत्या तो ह्यासाठी. ढिले नट आवळत प्रत्येक इंजिनाच्या मागं जाऊन बघत होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या.

मी म्हणालो, मालकाच्या इंजिनावर गडी हातोडी मारतो आणि मालकाला दिसत नाही, हे कसं?

बाई म्हणाल्या, "रस उकळायच्या काहिलीपाशी बाबांना येऊ देत नव्हते, गूळ बाटेल म्हणून. आणि तेलकट इंजिनापाशी दुसरं कुणी जात नव्हतं. मग कुणाला दिसणार?"

मला ते लागलं. पण चाळीस वर्षं सांगितलेलं एका बैठकीत कसं सोडायचं? आणि नाना बांधावर उभा राहून सगळं ऐकत होता. मी विचारलं, "तुमी भावंडं किती?"

"सहा."

"मग ठिपके पाच कसे?"

बाईंनी पाचव्या ठिपक्याच्या पुढं बोट टेकवलं. म्हणाल्या, सहावा भाऊ नऊ दिवस जगला. बाबांनी त्याचाही मारला होता. मग निरोप आला तेव्हा कानशीनं घासून टाकला. खूण असेल इथंच, तुमच्या रंगाखाली. एवढी जागा खरवडून बघू का?

मी म्हणालो, रंगाला हात लावायचा न्हाई. कंपनीचे पाच ठिपके आहेत, सहावा असता तर मला दिसला असता, मी काय आंधळा हाय का. नाना बांधावरून म्हणाला, व्हय, बरोबर हाय. आयुष्यात पहिल्यांदा नाना माझ्या बाजूनं बोलला आणि मला ते बरं वाटलं नाही.

बाईंच्या जागी दुसरी कुणी असती तर भांडली असती, रडली असती, सरपंचाकडं गेली असती. लेकीच्या शाळेत बाईंच्या सगळ्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं. प्रत्येक फोटोखाली तीन ओळी: यंत्र कुठलं, मालक कोण, चालवणारा कोण. त्यांना तिथं बापाचं नाव लिहायचं होतं. लिहिलं असतं तर मी काय शाळेत जाऊन वाचणार होतो? पण बाई आल्या आणि स्वतःच म्हणाल्या की पुरावा असल्याशिवाय मी लिहीत नाही, चालवणाऱ्याची ओळ मोकळी सोडते.

मी म्हणालो, "मग पाच ठिपक्यांचं कंपनीचं इंजिन असं लिवा."

"त्याला पुरावा आहे?"

"तुमच्याकडं तरी हाय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. एवढंच. स्वतःच्या बापाच्या बाबतीत त्यांनी तसं सरळ सांगून टाकलं, आणि माझी पंचाईत झाली. भांडणाऱ्या माणसाशी मी वर्षभर भांडू शकतो. असल्या माणसाशी कसं भांडायचं?

घरातलीनं तेव्हापासून माझी भाकरी जाड करायला सुरुवात केली. मोजली नाही, पण कळत होतं.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. इंजिनाला हात लावणार नाही, म्हणाल्या, फोटो तर काढू द्याल? फोटोला मी कशाला नाही म्हणू. ऊन तिरपं होईपर्यंत त्या विहिरीपाशी पोत्यावर बसून राहिल्या. मी आपला गवताला गेल्यासारखं करून तिथंच घोटाळत होतो. ऊन टाकीच्या मागच्या अंगाला आडवं घासून जायला लागलं तशा उठल्या. त्याच जागेचे दोन फोटो काढले. मधे थोडा वेळ गेला, सावल्या वाढल्या. मग आम्ही ओसरीवर येऊन बसलो. घरातली पण पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

पडद्यावर माझं हिरवंगार इंजिन आणि पाच पांढरे ठिपके. काय दिसत होतं! मी म्हणालो, बघा, पाच. बाईंनी बोट दाबलं, रंग गेला. मग हिरव्या पाटाचं दार हळूहळू उघडत नेलं. माझा रंग फिका पडत पडत पिठासारखा झाला आणि पाची पांढरे ठिपके त्यातच विरून गेले. उरल्या नुसत्या सावल्या. पाच खळग्यांच्या पाच बारीक सावल्या, आणि त्याच ओळीत पुढं एक सपाट झालेली जागा, तिच्या मधोमध नखाएवढी काळी रेघ.

मी म्हणालो, माशी बसली असंल.

बाईंनी पडद्यावर दुसरा फोटो आणला. त्यातही तेच दार उघडलं. रेघ तिथंच.

"माशी दोन्ही वेळा तिथंच बसली?" बाई म्हणाल्या.

"दिसतंय की ढळढळीत," घरातली म्हणाली. "न्हाई म्हणून कुणाला सांगताय?"

मी उठलो. कोपऱ्यातून रॉकेलची बाटली, चिंधी आणि खुरपं घेतलं आणि विहिरीकडं निघालो. बाई मागून आल्या, पण मी खुरपं त्यांच्या हातात दिलं नाही. माझा रंग, मीच काढणार. पाचव्या ठिपक्याच्या पुढची जागा भिजवली आणि खरवडायला लागलो. हिरवा, खाली हिरवा, त्याखाली हिरवा. मधे एक निळा, त्या वर्षी वडूजला हिरवा मिळाला नव्हता. मग परत हिरवे. सगळ्यांत खाली तांबडा आणि मग लोखंड. लोखंडावर कानशीचे ओरखडे, आणि त्यांच्या मधे ठिपक्याचं बूड शिल्लक होतं. तेवढं घासायचं राहिलं होतं. का ठेवलं होतं, ते मला सांगता येणार नाही.

शालनबाईंनी पर्स उघडली. व्हर्निअर काढला. पहिल्यापासून दुसरा मोजला. बावीस मिलिमीटर. दुसऱ्यापासून तिसरा, बावीस. पुढचे दोन्ही बावीस. मग पाचव्यापासून सहावा.

"बावीस," त्या म्हणाल्या. आणि पट्टी उचलून तेच माप पुन्हा घेतलं. एकच माप दोनदा घेताना मी त्यांना तेवढं एकदाच बघितलं. मी विहिरीत पाणी किती आहे ते वाकून बघत राहिलो.

मग मी म्हणालो, "लिवा. चालवणारा, सोनबा कांबळे."

"मालकाचं नाव वर असतं," त्या म्हणाल्या.

"माझं खाली लिवा."

प्रदर्शनाला सगळं गाव गेलं. नाना माझ्या इंजिनाच्या फोटोपुढं उभा राहिला, बोटानं ठिपके मोजले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की तात्या चाळीस वर्षं पाच सांगत होता, हे तर सहा आहेत. मी म्हणालो, "तू कधी मोजले होतेस का?" बाई तिथंच शेजारच्या फोटोची चौकट सरळ करत होत्या. त्या हसल्या असं घरातली म्हणते. मला पाठ दिसत होती.

पुढच्या उन्हाळ्यात लेकीची बदली शिराळ्याकडं झाली आणि बाई निघाल्या. जायच्या आधी आल्या, फोटोची एक प्रत भिंतीला लावायला दिली. मी म्हणालो, रंगीत असता तर जास्त शोभला असता, आणि हे मी अजूनही म्हणतो. मग त्या म्हणाल्या, एकदा सुरू करून बघायचं का?

इंजिन वीस वर्षं बंद. पण रंग खरवडल्यावर बाईंनी त्याचेही सगळे नट आवळून घेतले होते. डिझेल घातलं, टाकीत पाणी ओतलं. मी हॅन्डल मारायचं आणि चाकं फिरली की बाईंनी वरचा खटका सोडायचा असं ठरलं. ह्या वयात मी ते हॅन्डल कसं मारलं ते माझं मला ठाऊक. चाकं फिरली, बाईंनी खटका सोडला आणि धुराड्यातून काळा धूर आला. इंजिन पुकपुकलं, टाकी थरथरली आणि परत गप झालं. पुन्हा मारायला माझ्या खांद्यात बळ नव्हतं आणि बाईंनीही तसं सुचवलं नाही.

"तीन ठोके," बाई हात पुसत म्हणाल्या.

मी म्हणालो, चार.

"तीन, तात्या. मोजलेत मी."

घरातली बांधावर उभी होती. तीही म्हणाली, तीनच. बाईंनी पाने डिकीत टाकले, स्कूटर सुरू केली आणि तोंडावर काजळी तशीच ठेवून पांदीनं निघून गेल्या. वळणावर हात वर केला, तीन बोटं उभी होती.

चार होते.